पार्सिपनी, हॅकेन्सॅक, रॅरिटन... ज्यांनी ही नावं दिली त्यांच्या गोष्टी आता सांगतं कोण?

रॅरिटनकाठची:

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच सॉरी. न्यू जर्सीत राहून चौदा वर्षं झाली. दर शनिवारी गावच्या लायब्ररीत लहान मुलांना गोष्टी सांगायला जाते. नोव्हेंबर हा इकडे मूळ रहिवाशांचा महिना म्हणून पाळतात, तेव्हा मला म्हणाले की इथल्याच लोकांची एखादी गोष्ट घ्या ना. मी नेटवरून लेनापे लोकांची कासवाची गोष्ट उचलली, म्हणजे सगळीकडं पाणीच पाणी, मग कासव पाठ वर काढतं आणि त्या पाठीची जमीन होते, ती. हातवारे करून सांगितली, मुलं खूश, आयाबाया खूश.

परत येताना गाडीत लेक विचारते (वय नऊ), आई, तुला ही गोष्ट कोणी सांगितली? म्हटलं वेबसाइटवर वाचली. मग वेबसाइटवाल्यांना कोणी सांगितली? त्यांना अजून कोणीतरी. मग त्या कोणीतरीला? झालं, इथं माझी गाडी अडकली (म्हणजे बोलण्याची, खरी गाडी हायवेवर होती). आणि तेवढ्यात समोर पाटी, हॅकेन्सॅक. इतकी वर्षं या पाट्या वाचतेय, हॅकेन्सॅक, पार्सिपनी, रॅरिटन, ही सगळी लेनापे भाषेतून आलेली नावं आहेत हे मला त्या आठवड्यात कळलं. नावं इथं आणि माणसं मात्र बहुतेक ओक्लाहोमात नाहीतर कॅनडात.

तर विचारायचं असं की एवढी हाकलाहाकली होऊन, भाषासुद्धा जाऊन, यांच्या तोंडी गोष्टी एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडं पोचल्या तरी कशा? टेपवर रेकॉर्ड करून ठेवल्या की टिकल्या म्हणायच्या का? आणि तिसरं, जे मला जास्त खुपतंय, माझ्यासारख्या बाहेरच्या बाईनं त्या सांगाव्यात का? इथं कोणी वाचलंय का या विषयावर?

---

जुनीवही:

ताई, तुमच्या लेकीच्या प्रश्नाला चक्क उत्तर आहे, आणि ते तुमच्या घरापासून गाडीनं तासाभराच्याही आतलं असेल.

साल १६७९. यास्पर डांकार्ट्स नावाचा एक डच माणूस आपल्या पंथाच्या वसाहतीसाठी जागा बघायला न्यूयॉर्कच्या बाजूला आलेला, रोजनिशी लिहायची सवय. त्याला एक लेनापे म्हातारा भेटला, वय ऐंशीच्या आसपास, आताच्या पॅसेक भागात राहणारा. डच लोक त्याला हान्स म्हणत, त्याचं स्वतःचं नाव टांटाके असं लिहिलंय. यांनी विचारलं तुमचे मूळ आईबाप कुठून आले? म्हातारा थोडा वेळ गप्प बसला. मग समोरच्या शेकोटीतला एक कोळसा उचलला आणि जमिनीवर काढायला लागला. आधी एक गोल, त्याला चार पाय, एक डोकं, एक शेपटी. म्हणाला हे कासव, याच्या भोवती पाणी. हात गोल फिरवून दाखवलं की आधी सगळं असंच पाणी होतं. मग कासवानं पाठ हळूहळू वर काढली, पाणी ओघळून गेलं, जमीन कोरडी झाली. मग त्यानं एक गवताची काडी घेतली आणि त्या चित्राच्या मधोमध उभी धरली. इथं एक झाड उगवलं, त्या झाडाच्या मुळातून कोंब आला, त्यातून पुरुष झाला. तो एकटाच होता. मग झाड वाकलं, शेंडा जमिनीला टेकला, तिथं दुसरं मूळ फुटलं, त्यातून बाई झाली. त्या दोघांपासून बाकी सगळे.

ही रोजनिशी पुढं जवळजवळ दोनशे वर्षं कोणाला माहीतच नव्हती. १८६४ मध्ये एका अमेरिकन माणसाला ती अ‍ॅमस्टरडॅमच्या पुस्तकांच्या दुकानात सापडली आणि १८६७ मध्ये इंग्रजीत छापून आली. आता गंमत बघा, किंवा गंमत नाही म्हणू, याच १८६७ च्या सुमाराला लेनापे लोकांचा मोठा गट कॅन्ससमधून उठवून ओक्लाहोमात, तेव्हाच्या चेरोकी मुलखात, नेऊन बसवला जात होता. म्हणजे गोष्ट एकीकडं पुस्तकात घालून छापतायत आणि गोष्टवाले दुसरीकडं गाड्यांत सामान भरतायत.

रस्ता थोडक्यात सांगतो. मूळ मुलूख लेनापेहोकिंग, म्हणजे पूर्ण न्यू जर्सी, पूर्व पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्कचा दक्षिण भाग मॅनहॅटन धरून, आणि डेलावेअरचा वरचा भाग. तिथून ओहायो, मग इंडियाना, मिसुरी, कॅन्सस, ओक्लाहोमा. मधेच १७८२ मध्ये ओहायोत ग्नाडेनहुटेन नावाच्या मिशनच्या गावात ९६ लेनापे, ते पण ख्रिस्ती झालेले आणि नि:शस्त्र, त्यात बायका-मुलं, पेनसिल्व्हेनियाच्या मिलिशियानं, म्हणजे नागरिकांच्या हत्यारबंद तुकडीनं, मारले. वाचलेल्यांतले आणि त्यांचे सोबती पुढं कॅनडात ओंटारिओला गेले, आजचं मोरॅव्हियनटाउन त्यातूनच. विस्कॉन्सिनमध्ये स्टॉकब्रिज-मन्सी नावाची जमात आहे. आणि सगळेच गेले असंही नाही बरं का, न्यू जर्सीत मागं राहिलेल्यांचे वंशज आहेत आणि राज्यानं त्यांच्या गटांना मान्यता दिलेली आहे, त्यामुळे लायब्ररीत "ते लोक इथं होते" असं भूतकाळात सांगू नका, हे आधी.

---

वाचनवेडा:

मस्त धागा. वालाम ओलुम बघा, लेनापेंचा स्वतःचाच प्राचीन इतिहास, लाकडाच्या पट्ट्यांवर चित्रलिपीत कोरलेला, आशियातून बर्फावरून चालत आले इथपासून सगळं आहे त्यात. मला वाटतं मुलांना आवडेल.

---

जुनीवही:

नको हो! वालाम ओलुम १८३६ मध्ये राफिनेस्क नावाच्या गृहस्थानं छापलं. मूळ पट्ट्या हरवल्या म्हणे, आपल्याकडं फक्त नक्कल उरली म्हणे. दीडशे वर्षं भलेभले विद्वान त्यावर पुस्तकं लिहीत बसले. १९९० च्या दशकात डेव्हिड ओस्ट्रायकर या अभ्यासकानं दाखवून दिलं की मजकूर आधी इंग्रजीत रचलाय आणि मग मिशनऱ्यांच्या छापील शब्दसूच्यांतून शब्द उचलून लेनापे केलाय. भाषांतर उलट दिशेनं!

राग याचा येतो की खरे सांगणारे ओक्लाहोमात जिवंत असताना लोक या बनावट बाडाला पवित्र ग्रंथ मानत होते, कारण "लिहिलेलं" होतं. तोंडी म्हटलं की ऐकीव आणि कागदावर आलं की पुरावा.

---

वाचनवेडा:

अर्र. माझ्याकडं ते पुस्तक आहे, कौतुकानं घेतलेलं. असो, शब्द मागे.

---

फोनीम:

भाषेच्या बाजूनं थोडं लिहिते. थोडं म्हणतेय पण आवरणार नाही हे मला माहीत आहे.

लेनापेंच्या भाषा दोन, उत्तरेकडची मन्सी आणि दक्षिणेकडची उनामी. मन्सी ओंटारिओत, अगदी बोटांवर मोजण्याइतक्या म्हाताऱ्या माणसांपर्यंत येऊन ठेपली, आता तिथं वर्ग चालतात. उनामी घरात ऐकत वाढलेले शेवटचे अस्खलित बोलणारे एडवर्ड थॉम्पसन, ते २००२ मध्ये ओक्लाहोमात वारले. त्यांची बहीण नोरा थॉम्पसन डीन, १९०७ ते १९८४. या बाईंनी जे केलं ते वाचलं की थक्क व्हायला होतं, भाषा शिकवली, औषधी झाडपाला, जेवणखाण, समारंभ, गोष्टी, जे जे आईवडिलांकडून आलं ते विचारायला येईल त्याला सांगितलं, टेपवर बोलल्या, पत्रांना उत्तरं लिहिली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जिम रेमेंटर नावाचा पेनसिल्व्हेनियाचा तरुण तिकडं गेला तो तिकडचाच झाला, या म्हाताऱ्या मंडळींत बसून भाषा शिकला. पुढं जमातीनं, म्हणजे ओक्लाहोमातल्या बार्टल्सव्हिलच्या डेलावेअर ट्राइबनं (डेलावेअर हे लेनापेंचंच इंग्रजी नाव), या सगळ्या टेपांमधून ऑनलाइन बोलका शब्दकोश केला. शब्दावर क्लिक केलं की त्याच म्हाताऱ्यांचा आवाज येतो. ताई, लेकीला ऐकवा. "वानिशी" म्हणजे थँक्यू.

आता टेपवर टिकतं का, तर माझं उत्तर अर्धं हो. काय राहतं आणि काय निसटतं याची उदाहरणं देते.

त्यांच्या गोष्टींत वेहिखामुकेस नावाचा एक गडी आहे, अंगात प्रचंड ताकद आणि डोक्यानं वेडगळ, कोणी जे बोलेल ते शब्दशः घेणारा. सोबतचे शिकारी काहीतरी सांगतात, हा त्याचा सरळ अर्थ घेऊन भलतंच करून बसतो आणि वर म्हणतो की मग नीट सांगायचं होतंत. हसू सगळं क्रियापदाच्या दोन अर्थांत अडकलेलं. इंग्रजीत सांगितलं की घटना उरते, विनोद खलास. "डोळा लागला" यावरचा विनोद इंग्रजीत करून दाखवा बघू.

दुसरं, झाड. लेनापेच्या भाषाकुटुंबात स्त्रीलिंग-पुल्लिंग नाही, नामं सजीव आणि निर्जीव अशी विभागलेली. झाड सजीवांत. आपण मराठीत "ते झाड" म्हणतो, नपुंसकलिंगी. जुनीवही यांनी सांगितलेल्या गोष्टीत झाडापासून माणूस होतो, तर ज्या मुलाच्या भाषेत झाड व्याकरणातच जिवंत आहे त्याला यात चमत्कार कमी आणि नातं जास्त दिसत असेल, असं मला वाटतं. वाटतं म्हणतेय, सिद्ध करता येणार नाही.

आणि तिसरं, माझं सगळ्यात लाडकं. त्यांच्याकडं आपल्यासारखंच "आपण" आणि "आम्ही" वेगळं आहे! किलुना म्हणजे आपण, निलुना म्हणजे आम्ही. इंग्रजीवाल्यांना हा फरक समजावताना पुस्तकं पानं खर्ची घालतात, आपल्याला एका सेकंदात कळतो. आता निर्मात्याचं नाव बघा, किशेलेमुकाँक, अर्थ असा की विचारानंच आपल्याला घडवणारा. त्यातला प्रत्यय "आपल्याला"चा आहे, "आम्हाला"चा नाही. म्हणजे नाव उच्चारताक्षणी सांगणारा ऐकणाऱ्यालाही त्यात धरतो. इंग्रजी पुस्तकात ते "क्रिएटर" होतं आणि ऐकणारा बाहेर राहतो. मराठीत मात्र ते जसंच्या तसं येतं. रॅरिटनकाठची, तुम्ही मुलांना इंग्रजीतून सांगणार, घरी लेकीला मराठीत सांगून बघा, तुमचं मराठी त्या इंग्रजीपेक्षा या बाबतीत तरी मुळाच्या जवळ आहे.

---

शंकासुर:

सगळं छान छान. पण स्पष्ट बोलू का, जी भाषा घरात बोलणारं कोणी उरलं नाही तिच्या गोष्टी क्लिक करून ऐकणं याला टिकवणं म्हणत नाहीत, जपून ठेवलेलं लोणचं म्हणतात. आणि शेवटी कासव, खार, मका असल्या गोष्टी सगळ्या जगात आहेत. एवढं काय हरवतंय?

---

तेलविहीर:

शंकासुर, मी तेल कंपनीच्या नोकरीत सहा वर्षं बार्टल्सव्हिलला होतो (तेलाचं गाव ते, म्हणून मराठी माणूस तिकडं पोचला). जे पाहिलं तेवढंच लिहितो, मी काही अभ्यासक नाही.

जवळच कोपॅन गावापाशी दर वर्षी मे महिन्याच्या शेवटी त्यांचा पाववाव, म्हणजे नाच-गाण्यांचा मेळावा, भरतो, ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं नेलं. मला वाटलेलं स्टेजवर कार्यक्रम असेल. तसं काही नव्हतं, लोक तंबू टाकून राहतात, रात्री उशिरापर्यंत नाच, म्हाताऱ्या खुर्च्या टाकून बसलेल्या आणि पोरं मधून मधून पळतायत. बोलणं सगळं इंग्रजीत. पण एक आजी नातवाला ओरडली ते लेनापे शब्दात, आणि तो पोरगा बरोबर थांबला. भाषा एवढीच उरली असेल, पण त्या पोराच्या कानात ती लोणचं नव्हती ना.

मी आगाऊपणानं सहकाऱ्याला म्हटलं, एखादी जुनी गोष्ट सांग की. तो हसला, म्हणाला हिवाळ्यात विचार. मला वाटलं टाळतोय. नंतर कळलं तो नियमच आहे, गोष्टी थंडीतच सांगायच्या, उन्हाळ्यात सांगितल्या तर किडे-मुंग्या अंगावर येतात म्हणतात. डिसेंबरात मी विसरलो होतो, तो नाही विसरला. घरी बोलावलं आणि जेवण झाल्यावर खारीची गोष्ट सांगितली, पूर्वी खार अवाढव्य होती, दिसेल त्याला खायची, माणूससुद्धा खाल्ला, मग निर्मात्यानं तिला शिक्षा म्हणून एवढीशी करून टाकली. त्याच्या दोन्ही मुली समोर बसलेल्या, चुकलं की मधेच दुरुस्त करत होत्या, नाही बाबा, आधी ते येतं. म्हणजे त्यांनी ती किती वेळा ऐकली असेल बघा.

---

जुनीवही:

वा! तेलविहीर यांच्या त्या "नाही बाबा, आधी ते येतं" मध्ये रॅरिटनकाठचींच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे.

शंकासुर, आता तुमच्याकडं वळतो. गोष्टी म्हणजे कासव-खार एवढंच नाही. १७३७ चा वॉकिंग पर्चेस घ्या. पेनसिल्व्हेनिया ज्यांच्या ताब्यात होतं त्या पेन घराण्यानं १६८६ चा म्हणून एक जुना करार पुढं केला, की दीड दिवसात माणूस चालेल तेवढी जमीन आमची. लेनापे समजले साधं चालणं, वाटेत थांबत, जेवत. यांनी आधीच झाडी तोडून वाट साफ केली आणि तीन निवडक तरुणांना पळत सोडलं. पूर्ण करणारा एकच, एडवर्ड मार्शल, साठ मैलांच्या वर गेला. शिवाय शेवटची रेघ सरळ नदीकडं न नेता तिरकी नेली. जवळजवळ बारा लाख एकर गेले. लेनापे तेव्हाच ओरडत होते की हे चालणं नाही, पळणं आहे. १७५६ मध्ये ईस्टनच्या बैठकीत टीड्युस्कंग या त्यांच्या पुढाऱ्यानं तोंडावर सांगितलं की मी उभा आहे ती जमीनच फसवून घेतलेली आहे.

ही आठवण तोंडी चालत राहिली आणि थेट २००४ मध्ये ओक्लाहोमातल्या डेलावेअर नेशननं (ही लेनापेंचीच दुसरी जमात, बार्टल्सव्हिलची नव्हे) पेनसिल्व्हेनियात ईस्टनजवळच्या सुमारे ३१५ एकरांसाठी दावा लावला. हरले. कोर्टाचं म्हणणं साधारण असं की फसवणूक झाली असं धरलं तरी त्यांचा हक्क तेव्हाच संपला. ते असो. पण जवळजवळ पावणेतीनशे वर्षांनी, हजार-दीड हजार मैलांवरून, कुठली जमीन कशी गेली हे सांगता येणं याला तुम्ही लोणचं म्हणणार असाल तर मग पुढं काय बोलायचं.

---

शंकासुर:

ठीक आहे, लोणचं मागे घेतो. दावा हरले हे माझ्या बाजूनं मोजा मात्र.

---

फोनीम:

एका बाबतीत शंकासुर यांच्याशी मी अर्धी सहमत आहे, म्हणून पुन्हा आले.

काही गोष्टी खरंच टेपवर टिकत नाहीत आणि ते त्यांच्यातल्या जुन्या लोकांनाच सगळ्यात आधी कळलं होतं. त्यांचा मोठा समारंभ होता, बिग हाउस, त्यांच्या भाषेत खिंगविकाओन, शरद ऋतूत बारा रात्री. लांब लाकडी घर, मधे खांब, खांबावर कोरलेले चेहरे. ज्याला तरुणपणी दृष्टांत झालाय त्यानं कासवाच्या पाठीचा खुळखुळा हातात घेऊन आपला दृष्टांत गाऊन सांगायचा, मग खुळखुळा पुढच्याकडं. (कासव परत आलंच बघा.) आता ही गोष्ट दुसऱ्यानं पाठ करून म्हणता येत नाही, ती ज्याची त्याचीच. पोरं बोर्डिंग शाळांत गेली, एकट्यानं रानात जाऊन दृष्टांत मिळवायची रीत मोडली, खुळखुळा घेणारे हात कमी होत गेले. १९२४ मध्ये ओक्लाहोमात शेवटचा पूर्ण समारंभ झाला. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ ला, पोरं लढाईवर गेल्यावर छोट्या स्वरूपात परत प्रार्थना केल्या, तेवढंच.

त्याची वर्णनं आहेत, कोरलेले खांब म्युझियममध्ये आहेत, पण समारंभ परत "चालू" करा असं कोणी सहज म्हणत नाही. मला हा त्यांचा प्रामाणिकपणा वाटतो. कासवाची गोष्ट कोणीही पुढं नेऊ शकतो, दृष्टांत नाही. त्यामुळे ताई, तुमचा तिसरा प्रश्न, सांगावं का, तर सगळ्याला एक उत्तर नाही. ज्या गोष्टी जमातीनं स्वतःच्या वेबसाइटवर स्वतः मुलांसाठी ठेवल्यात त्या घ्या, कुठून घेतली ते मुलांना सांगा. समारंभाच्या जवळ जाणारं काही घेऊ नका. मुखवटे-बिखवटे तर कागदाचे पण करू नका, शाळांमध्ये हौसेनं करतात ते.

---

तेलविहीर:

फोनीम +१. आणि ईमेल करून विचारलं तर उत्तर देतात, माझ्या मुलीच्या प्रोजेक्टसाठी मी एकदा विचारलेलं, तीन आठवडे लागले पण उत्तर आलं, चांगलं सविस्तर.

---

रॅरिटनकाठची:

किती लिहिलंत सगळ्यांनी, आज दुपारचा स्वयंपाक राहिला तुमच्यापायी.

तर झालं ते सांगते. लेकीला काल रात्री पूर्ण साखळी सांगितली, टांटाके आजोबा, मग तो डच रोजनिशीवाला, मग दोनशे वर्षं काहीच नाही, मग अ‍ॅमस्टरडॅमचं दुकान. ती म्हणाली म्हणजे दोनशे वर्षं ती गोष्ट कोणालाच माहीत नव्हती? म्हटलं अगं, पुस्तकातली कोणाला माहीत नव्हती, त्या लोकांना होतीच की, ते ती बरोबर घेऊन चालत होते. यावर ती बराच वेळ गप्प. मग "आपण" आणि "आम्ही" सांगितलं. तर म्हणते, मग मी त्यांच्या "आपण"मध्ये आहे का? फोनीमबाई, याचं उत्तर तुम्ही द्या, मी दिलेलं नाही.

लायब्ररीला कळवलंय की नोव्हेंबरात नको, थंडी नीट पडल्यावर जानेवारीत ठेवते. तिथल्या बाई म्हणाल्या पण महिना नोव्हेंबर आहे. म्हटलं त्यांचा नियम थंडीचा आहे. जरा कुरकुर झाली पण मानलं. जमातीला ईमेल आजच टाकते, आणि आधी बोलक्या शब्दकोशातून त्यांच्याच आवाजातला "वानिशी" ऐकवणार.

एकच अडचण उरलीय, म्हातारबाबांसारखं कोळशानं जमिनीवर काढायचं मनात होतं पण लायब्ररीत नवीन कार्पेट घातलंय, कोळसा म्हटल्यावर बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. मोठा कागद अंथरून खडूनं काढलं तर चालेल ना?

---

जुनीवही:

चालेल की. काडी मात्र खरी घ्या, आणि ती उभी धरायच्या आधी थोडा वेळ गप्प बसा.